पुरातत्त्व आणि लोकसहभाग : दोन रथांचा धडा



जागतिक वारसा सप्ताहाच्या निमित्ताने दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर या काळात देशभर प्रदर्शने, व्याख्याने आणि वारसास्थळांच्या सहली आयोजित केल्या जातात. आपण त्यांत सहभागी होतो, छायाचित्रे काढतो आणि घरी परततो. प्रेक्षक म्हणून घेतलेला हा सहभाग स्वागतार्हच आहे. परंतु पुरातत्त्व संशोधनाला सामान्य नागरिकाकडून याहून कितीतरी अधिक मिळू शकते. किंबहुना आजवर ते मिळालेही आहे. हे योगदान कोणते आणि ते देताना कोणती काळजी घ्यावी, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याची सुरुवात मी दोन रथांपासून करतो.

प्रवरा नदीच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे प्राचीन स्थळ आहे. १९७४ मध्ये तेथील एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला आणि त्यावर मनुष्य उभा असलेला एक रथ, आणि त्याच्या सोबतीला रेडा, हत्ती व गेंडा. या सर्व मूर्ती भरीव ओतीव कामाच्या असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. भारतीय कलेच्या इतिहासात या मूर्तींचे स्थान अनन्यसाधारण आहे. मात्र त्या नेमक्या कोणत्या काळातील, हा प्रश्न पुढे वादाचा ठरला. १९७५ ते १९७९ या काळात डॉ. एस. ए. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली दायमाबाद येथे विस्तृत उत्खनन झाले. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच सांस्कृतिक कालखंडांचा क्रम तेथे निश्चित झाला. या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील असाव्यात, असे साळी, एस. आर. राव आदी विद्वानांचे मत होते. तर धातूच्या रासायनिक विश्लेषणाच्या आधारे डी. पी. अग्रवाल यांनी त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात, अशी शंका उपस्थित केली. या मतभेदाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. या मूर्ती जमिनीत होत्या, तेव्हा त्या कोणत्याही पुरातत्त्वज्ञाने पाहिल्या नव्हत्या. ज्या थरात त्या होत्या, तो थर त्यांच्यासोबत वर आला नाही.

दुसरा रथ उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातल्या सिनौली गावचा. २००५ मध्ये शेतजमीन सपाट करताना तेथील ग्रामस्थांना मानवी अस्थी आणि मृद्भांडी आढळली. ही वार्ता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागापर्यंत पोहोचली आणि त्यानंतरच्या उत्खननात ११६ दफने उजेडात आली. २०१८ मध्ये त्याच परिसरात पुन्हा उत्खनन झाले. त्या वेळी तांब्याच्या पत्र्यांनी सजविलेल्या शवपेट्या, तलवारी आणि चाके असलेली वाहने मिळाली. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे २००० ते १८०० असा मानला जातो. या वाहनांना रथ म्हणावे की बैलगाडे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. चार हजार वर्षांत वाहनांचे लाकूड कुजून गेले होते. जागच्या जागी उरले होते ते तांब्याचे जडावकाम आणि मातीतील ठसे. त्यांच्या मांडणीवरून चाक कोठे होते, दांडी कोठे होती, हे उत्खननकर्त्यांना वाचता आले. हेच तुकडे कोणी उचलून गोणीत भरले असते, तर ती तांब्याची मोड ठरली असती.

धातूचा अखंड रथ हाती असूनही त्याचा काळ वादात राहतो आणि लाकूड नष्ट झालेल्या रथाची मात्र रचना समजते. लोकसहभागाचा संपूर्ण विचार या तुलनेत सामावलेला आहे.

संदर्भाचे महत्त्व

पुरातत्त्वशास्त्र हे प्राचीन वस्तू जमविण्याचे शास्त्र आहे, असा एक सार्वत्रिक समज आढळतो. वास्तविक वस्तूइतकाच, कित्येकदा वस्तूपेक्षाही अधिक, तिचा संदर्भ महत्त्वाचा असतो. एखादे नाणे कोणत्या थरात मिळाले, त्याच्या शेजारी कोणत्या प्रकारची खापरे होती, जवळ चूल होती की धान्याचा कणगा, या साऱ्यावरून त्या वस्तूचा काळ आणि उपयोग ठरतो. जळलेल्या धान्याच्या चिमूटभर कणांवरून त्या काळची शेती समजते आणि कोळशाच्या तुकड्यावरून कार्बन-१४ पद्धतीने कालनिश्चिती करता येते. उत्खनन करताना हे थर क्रमाक्रमाने काढून टाकावे लागतात. याचाच अर्थ, एका जागी उत्खनन एकदाच होऊ शकते. ते चुकीच्या पद्धतीने झाले, तर दुरुस्तीची संधी उरत नाही.

म्हणूनच कायद्याने उत्खननावर नियंत्रण ठेवले आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियमानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. असंरक्षित क्षेत्रात राज्य शासनाला स्वतः उत्खनन करावयाचे असेल किंवा इतरांना परवानगी द्यावयाची असेल, तरीही केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक असते. तेव्हा लोकसहभाग म्हणजे प्रत्येकाने कुदळ हाती घेणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. नागरिकाने करावयाची कामे चार आहेत : पाहणे, जागच्या जागी ठेवणे, नोंदविणे आणि कळविणे.

पाहणारे डोळे

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची स्थापना १८६१ मध्ये झाली. या विभागाच्या अखत्यारीत आज साडेतीन हजारांहून अधिक राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके व स्थळे आहेत. त्याखेरीज राज्यांच्या पुरातत्त्व विभागांची संरक्षित स्मारके आहेत. परंतु लाखो खेडी असलेल्या या देशात कोणत्या शेतात काय दडले आहे, हे पाहण्यास कोणत्याही विभागाचे मनुष्यबळ पुरेसे ठरणार नाही. ती जमीन रोज पाहतो तो शेतकरी, गुराखी, विहीर खणणारा मजूर आणि गावचा शिक्षक.

तमिळनाडूतील कीळडी हे याचे बोलके उदाहरण आहे. शिवगंगा जिल्ह्यातील या गावात १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांनी आणलेल्या माहितीवरून एका शाळाशिक्षकाचे लक्ष तेथील प्राचीन अवशेषांकडे गेले आणि त्यांनी ती गोष्ट संबंधितांना कळविली. प्रत्यक्षात वैगै नदीच्या खोऱ्याचे पद्धतशीर सर्वेक्षण झाले ते २०१३-१४ मध्ये. त्यात २९३ स्थळांची नोंद झाली आणि नंतर कीळडीच्या नारळीच्या बागांमध्ये उत्खननास प्रारंभ झाला. विटांची बांधकामे, तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे आणि खेळातील सोंगट्या यांमुळे हे स्थळ देशभर चर्चेत आले. २०२३ मध्ये तेथे स्वतंत्र संग्रहालयही उभे राहिले. शिक्षकाने दिलेली वार्ता आणि उत्खनन यांत सुमारे चार दशकांचे अंतर पडले, ही गोष्टही आपण लक्षात ठेवली पाहिजे. कळविणारा असणे जितके आवश्यक, तितकाच ऐकणारा असणेही आवश्यक आहे.

लोकांच्या भाषेतही पुरातत्त्वीय ज्ञान साठलेले असते. महाराष्ट्रात शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’, असे म्हणतात. शतकानुशतकांच्या वस्तीमुळे राख आणि चुनखडी मिसळून मातीला जो पांढुरका रंग येतो, त्यावरून हा शब्द रूढ झाला. गावाबाहेरच्या एखाद्या टेकाडाला लोक पांढरी म्हणत असतील, तर तेथे जुनी वस्ती होती, असा तर्क संशोधक करतात. हरियाणा-पंजाबात ‘थेह’, उत्तर प्रदेशात ‘खेडा’, गुजरातमध्ये ‘टिंबो’ आणि आंध्रात ‘दिब्बा’ हे शब्द अशाच टेकाडांची खूण सांगतात. आपल्या गावातील अशी स्थलनामे वृद्धांकडून विचारून लिहून काढणे, हेसुद्धा संशोधनास मोलाचे साहाय्य आहे.

नोंदविणारे हात

थोर गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. तथापि पुण्याच्या परिसरात पायी भटकंती करून त्यांनी सूक्ष्म पाषाणहत्यारे, महापाषाणीय अवशेष आणि ग्रामदेवतांची ठाणी यांच्या नोंदी केल्या. प्राचीन नाण्यांची वजने करून त्यांचा सांख्यिकीय अभ्यास केला. शिस्तबद्ध निरीक्षण असेल, तर अन्य क्षेत्रांतील व्यक्तीही या शास्त्रात भर घालू शकते, याचा हा आदर्श होय.

अलीकडचे उदाहरण कोकणातील कातळशिल्पांचे आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर हत्ती, मासे, मानवाकृती आणि गूढ भौमितिक रचना कोरलेल्या आहेत. स्थानिक गुराख्यांना व ग्रामस्थांना त्यांतील अनेक शिल्पे पूर्वीपासून ठाऊक होती. गेल्या दशकात रत्नागिरीतील काही हौशी अभ्यासकांनी गावोगाव विचारपूस करीत, सडे पायाखाली घालीत त्यांचा पद्धतशीर शोध घेतला आणि ती माहिती शासनापुढे व तज्ज्ञांपुढे ठेवली. परिणामी २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य सूचीत या शिल्पांचा समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील सात स्थळे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमळ यांचा अंतर्भाव आहे. लोकांची माहिती, हौशी अभ्यासकांचे श्रम आणि शासनाची मान्यता, असा हा क्रम आहे.

नोंदीचे महत्त्व केवळ अभ्यासापुरते नाही. तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरीस गेलेली चोलकालीन नटराजाची मूर्ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर देऊन खरेदी केली होती. ही मूर्ती मंदिरात असताना पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये तिचे छायाचित्र काढून ठेवले होते. त्या छायाचित्राने मूर्तीची ओळख पटविण्यास मोठा आधार दिला आणि २०१४ मध्ये ती भारतास परत मिळाली. छायाचित्र नसते, तर ही मूर्ती याच मंदिरातील, हे सिद्ध करणे अवघड झाले असते. आपल्या गावातील मंदिरांच्या मूर्ती, शिलालेख, वीरगळ, सतीशिळा, गधेगळ यांपैकी किती गोष्टींची अशी नोंद आज आपल्यापाशी आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

लोक का लपवितात?

येथवर लोकसहभागाची उजळ बाजू पाहिली. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. १९७६ मध्ये तमिळनाडूतील पत्तूर येथे एका मजुराला खोदकामात कांस्य मूर्ती मिळाल्या. त्यांतील नटराजाची मूर्ती अल्प किमतीला विकली जाऊन हस्तांतरित होत लंडनला पोहोचली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९१ मध्ये ती भारतात परत आली. मंदिर ही कायदेशीर व्यक्ती असून तिला आपल्या मूर्तीसाठी दावा करता येतो, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने या प्रकरणात मान्य केले. न्यायाचा विजय झाला. पण मूर्ती मुळात विकली का गेली, हा प्रश्न उरतोच.

अशा वेळी गावकऱ्यांना अज्ञानी ठरवून आपण मोकळे होतो. तो न्याय नव्हे. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी हडप्पाच्या विटा नेल्या गेल्या. लोकांच्या भीतीला व्यावहारिक कारणे असतात. शेतात काही निघाले असे कळविले, तर जमीन ताब्यात जाईल, पेरणी थांबेल, घराच्या दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागेल, ही ती भीती. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरविले. वारशाच्या रक्षणासाठी हे निर्बंध आवश्यक असले, तरी त्यांचा भार त्या परिसरातील कुटुंबांवर पडतो, हे नाकारता येणार नाही.

मोबदल्याचाही प्रश्न आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. शासनाने असा निधी संपादित केल्यास वस्तूतील द्रव्याचे मूल्य आणि त्याच्या एक पंचमांश इतकी अधिक रक्कम देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे मोजमाप होते ते धातूचे. सोन्याच्या नाण्यास यातून काही मोल मिळेल. कोरलेल्या खापरास किंवा दगडी पाट्यास काय मिळणार? चोरट्या बाजारात मात्र कलावस्तूची किंमत होते, द्रव्याची नव्हे. प्रामाणिकपणाची किंमत तस्कराच्या दरापुढे इतकी तोकडी असेल, तर केवळ प्रबोधनाने प्रश्न सुटणार नाही. शोध कळविणाऱ्याचा सन्मान, उत्खननकाळातील पिकाची योग्य भरपाई, उत्खननात स्थानिकांना रोजगार आणि मिळालेल्या वस्तू शक्यतो त्याच परिसरातील संग्रहालयात ठेवणे, या उपायांचा धोरणात अंतर्भाव झाला पाहिजे, असे माझे मत आहे.

घटनात्मक व संस्थात्मक चौकट

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने ही चौकट आपल्याला ठाऊक असलीच पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे दायित्व आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ५१-क (च) आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवितो. सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली स्मारके व स्थळे संघसूचीत (नोंद ६७), इतर प्राचीन स्मारके राज्यसूचीत (नोंद १२) आणि इतर पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) आहेत. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान १०० वर्षे जुन्या वस्तू आणि किमान ७५ वर्षे जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू मानली जातात. खासगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही.

संस्थात्मक पातळीवर १९९६ मध्ये राष्ट्रीय संस्कृती निधी, २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान आणि २००७ मध्ये स्मारके व पुरावस्तूंसाठीचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०१७ च्या ‘वारसा दत्तक घ्या’ योजनेने स्मारकांच्या ठिकाणी सुविधा उभारण्यात खासगी व सार्वजनिक संस्थांना सहभागी करून घेतले. २०२३ मध्ये ‘मेरा गांव मेरी धरोहर’ या उपक्रमाद्वारे देशातील खेड्यांच्या सांस्कृतिक वारशाची माहिती एकत्र उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. जैवविविधतेच्या क्षेत्रात गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवली जाते. त्याच धर्तीवर प्रत्येक ग्रामसभेने आपली वारसा नोंदवही तयार केली, तर ही माहिती खऱ्या अर्थाने लोकांची होईल.

आपण काय करावे?

शेवटी काही व्यवहार्य सूचना करतो. जमिनीतून काही निघाल्याचे दिसले, तर प्रथम काम थांबवावे आणि वस्तू हलवू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. दिनांक, गट क्रमांक, खोली आणि आसपासच्या मातीचा रंग लिहून ठेवावा. मग जिल्हाधिकारी कार्यालय, राज्याचा पुरातत्त्व विभाग किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय यांना लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. शिलालेखाची अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यावर खडू, रंग किंवा पीठ फासू नये. अपरिचित स्थळाचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर जाहीर करू नये. गुप्तधनाच्या लोभाने फिरणारे लोक तो आधी वाचतात. शेंदूर लावून पूजल्या जाणाऱ्या वीरगळाची नोंद करताना गावकऱ्यांच्या श्रद्धेचा आदर ठेवावा. त्या देवतेचे नाव आणि तिची कथा हीसुद्धा नोंदीचाच भाग आहे. ज्यांना याहून अधिक शिकावयाचे असेल, त्यांनी विद्यापीठांच्या सर्वेक्षणांत व उत्खनन शिबिरांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करावे.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या तालुक्याच्या कचेरीत आपल्यासमोर एक शेतकरी उभा राहील आणि शेतात काहीतरी सापडल्याचे सांगेल. तो दिवसाची मजुरी बुडवून आलेला असेल आणि आपले शेत तर जाणार नाही ना, ही शंका त्याच्या मनात असेल. त्या वेळी त्याला बसावयास सांगा, त्याचे म्हणणे लिहून घ्या आणि त्याच दिवशी योग्य ठिकाणी कळवा. त्याच्याकडे असलेली माहिती पुन्हा मिळणारी नसते. पुढच्या पिढ्यांना तो रथ वाचता येणार की त्याच्या काळाविषयी केवळ वाद घालावा लागणार, हे त्या अर्ध्या तासात ठरेल.